किलकेनीला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा लागला की आमच्या डब्लिनच्या घरी पाहुण्यांची रीघ लागते. कुणी पुण्याहून येतं, कुणी नाशिकहून, कुणी लंडनहून उडी मारून. प्रत्येकाला मी आयर्लंडमधल्याच किलकेनीला पाठवते, आणि पाठवायच्या आधी प्रत्येक जण तेच ते प्रश्न विचारतो. फोनवर पुन्हा पुन्हा सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं.

किलकेनीच का? सगळे तर पश्चिम किनाऱ्यावरचे मोहेरचे कडे बघायला जातात.

कडे सुंदर आहेत, जरूर जा. पण डब्लिनहून एका दिवसात जाऊन यायचं तर निम्मा दिवस बसमध्येच जातो, आणि तिथे पोचल्यावर धुकं असलं तर पांढऱ्या भिंतीकडे बघून परत. किलकेनी रेल्वेने दीड तासाच्या आसपास आहे. पावसात, धुक्यात, थंडीतही बघता येतं. आणि आठशे वर्षांचा इतिहास मैलभर लांबीच्या एका वाटेवर पसरलाय. एका टोकाला किल्ला, दुसऱ्या टोकाला कॅथेड्रल, मध्ये सगळं गाव. रमतगमत चाललात तरी वीस-पंचवीस मिनिटं.

हे गाव आहे की शहर?

वस्ती सुमारे २७ हजार, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावापेक्षाही कमी. पण १६०९ मध्ये राजा पहिला जेम्स याने सनद देऊन शहराचा दर्जा दिला, आणि तिथली माणसं तो सोडायला तयार नाहीत. टॅक्सीवाल्यासमोर 'टाऊन' म्हणून बघा, लगेच दुरुस्ती होते.

नावाचा अर्थ 'कॅनिसचं चर्च'. कॅनिस हा सहाव्या शतकातला संत.

व्हिसा कुठला लागतो?

आयर्लंड युरोपीय संघात आहे, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. इथे फार जण फसतात. शेंगेन व्हिसावर पॅरिस-रोम करून डब्लिनला उतरता येत नाही. आयर्लंडचा वेगळा व्हिसा काढावा लागतो. भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी ब्रिटन आणि आयर्लंडच्या सरकारांची एक सामाईक योजना आहे, तिच्यात बसणाऱ्या व्हिसावर दोन्ही देश करता येतात. मात्र व्हिसावर तसा शेरा असावा लागतो, आणि ज्या देशाने व्हिसा दिला तिथे आधी जावं लागतं. तिकीट काढण्याआधी आयर्लंडच्या इमिग्रेशन खात्याची वेबसाइट एकदा उघडाच, मामेभावाच्या अनुभवावर जाऊ नका.

डब्लिनहून कसं जायचं?

ह्यूस्टन स्टेशनवरून वॉटरफर्डला जाणारी गाडी पकडायची. तिकीट आधी ऑनलाइन काढलं तर स्वस्त पडतं आणि जागा राखून मिळते. किलकेनीच्या मॅकडोना स्टेशनवर उतरलात की जॉन स्ट्रीट धरून सरळ खाली या. नोर नदीवरचा पूल लागतो, आणि पुलावर उभं राहिलं की डाव्या हाताला पाण्याच्या वर किल्ला दिसतो. मी तरी पाहुण्यांना टॅक्सी करू देत नाही, कारण ही पहिली भेट पायीच व्हायला हवी. डब्लिन विमानतळावरून थेट बसही आहे.

गाडी चालवणार असाल तर स्टिअरिंग उजवीकडे, रस्ता डावीकडे, आपल्यासारखंच. एम-९ मोटरवेला टोल नाही. पण विमानतळावरून येताना एम-५० वर आहे, आणि तिथे नाका वगैरे काही नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत ऑनलाइन पैसे भरायचे असतात. विसरलात तर दंड. भाड्याच्या गाडीचा टोल आपोआप भरला जातो की आपण भरायचा, हे किल्ली घेतानाच विचारा.

एका दिवसात उरकेल का?

उरकेल. पण उरकायचंच असेल तर कशाला जाता? दिवसाच्या सहलींच्या बस दुपारी चारनंतर निघून जातात, आणि त्यानंतर हे गाव आपल्या हाती लागतं. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. किल्ल्याच्या बागेत कुत्री फिरवणारे लोक, नदीकाठच्या पायवाटेवरची शांतता, कुठल्याशा दारातून ऐकू येणारं फिडल, हे बसवाल्यांच्या वाट्याला येत नाही. एक रात्र राहाच, दोन राहिलात तर आसपासही पाहून होईल.

किल्ला आपल्या किल्ल्यांसारखा आहे का?

नाही, आणि ही अपेक्षा मनातून काढूनच जा. रायगड-राजगड पाहिलेल्या माणसाला इथे चढ नाही, बुरुजाबुरुजांत वारा नाही. नदीकाठच्या उंचवट्यावरचा हा दगडी राजवाडा. ११७२ च्या सुमारास स्ट्राँगबो या नॉर्मन सरदाराने इथे लाकडी गढी बांधली. मग त्याचा जावई विल्यम मार्शल याने तेराव्या शतकाच्या सुरुवातीला चार कोपऱ्यांवर चार गोल बुरुज असलेला दगडी किल्ला उभा केला. आज बुरुज तीनच आहेत. १६५० मध्ये इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या तोफांनी पूर्वेची बाजू फोडली, पुढे ती पाडूनच टाकली, आणि म्हणून किल्ला एका बाजूने बागेकडे उघडा दिसतो. मला तर तो तसाच जास्त आवडतो.

१३९१ मध्ये बटलर घराण्याने तो विकत घेतला आणि १९३५ पर्यंत तिथे ठाण मांडलं. आतलं बरंचसं रूप एकोणिसाव्या शतकातलं आहे: गालिचे, भिंतीवरचे कागद, झुंबरं. खरी बघायची जागा म्हणजे लाँग गॅलरी. लाकडी छत गलबताच्या पोटासारखं, त्याच्या तुळयांवर रंगीत नक्षी, आणि दोन्ही भिंतींवर बटलरांच्या पिढ्या आपल्याकडे नाक वर करून बघताहेत. १९३५ मध्ये खर्च झेपेना म्हणून घराण्याने आतल्या सामानाचा लिलाव केला आणि निघून गेले. १९६७ मध्ये वारसाने किल्ला गावाला विकला, पन्नास पौंडांना. माझ्या सासऱ्यांनी हे ऐकून गाईडला पुन्हा पुन्हा विचारलं होतं, "पन्नास हजार ना?" नाही. पन्नास.

किल्ल्यात जायला तिकीट आहे, बागेत मुळीच नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी उघडताच जा. हिवाळ्यात किल्ला लवकर बंद होतो, तेव्हा दुपार त्याच्यासाठी राखू नका. आयर्लंडमध्ये आणखी सरकारी वास्तू पाहणार असाल तर हेरिटेज कार्डाचा हिशोब करून बघा. ते इथे, डनमोर गुहेत आणि जरपॉइंट मठातही चालतं.

त्या उंच गोल मनोऱ्यावर खरंच चढता येतं?

येतं. सेंट कॅनिस कॅथेड्रलच्या शेजारी तो उभा आहे, सुमारे ३० मीटर उंच आणि कॅथेड्रलपेक्षा तीन-चार शतकांनी म्हातारा. आयर्लंडमध्ये असे गोल मनोरे बरेच आहेत, पण आत शिरून माथ्यापर्यंत चढता येतील असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आत जिना नाही, एकावर एक लाकडी शिड्या आहेत. जागा इतकी अरुंद की वरून कुणी उतरत असेल तर मधल्या फळीवर अंग चोरून उभं राहावं लागतं. गुडघे दुखत असतील, बंद जागेची भीती असेल, अंगावर मोठी सॅक असेल, तर खालीच थांबा. लहान मुलांना वर सोडत नाहीत. जोराचा वारा-पाऊस असेल तर चढणं बंद.

खाली थांबणाऱ्यांनी कॅथेड्रलमध्ये जावं. तेराव्या शतकातलं काम, आणि आत काळ्या दगडात कोरलेली बटलरांची आडवी शिल्पं. हाच तो 'किलकेनी मार्बल'. खरं तर हा चुनखडीचा दगड. पॉलिश केलं की शाईसारखा काळा होतो, आणि नीट बघितलं तर त्यात शंखशिंपल्यांचे पांढरे ठसे दिसतात. क्रॉमवेलच्या सैन्याने याच कॅथेड्रलमध्ये घोडे बांधले होते.

ती चेटकिणीची गोष्ट काय आहे?

ॲलिस काइटलर. चौदाव्या शतकातली श्रीमंत सावकारीण, चार लग्नं झालेली. नवरे मरत गेले आणि तिची संपत्ती वाढत गेली. चौथ्या नवऱ्याची तब्येत ढासळल्यावर सावत्र मुलांनी तक्रार केली, आणि बिशप रिचर्ड लेड्रेड याने १३२४ मध्ये तिच्यावर चेटूक आणि धर्मद्रोहाचा खटला चालवला. ॲलिसचे हात वरपर्यंत पोचलेले होते, त्यामुळे खटला चालू असतानाच ती देश सोडून गेली आणि पुढे तिचा पत्ता लागला नाही. सापडली ती तिची दासी, पेट्रोनिला. तिला फटके मारून कबुली घेतली आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला जिवंत जाळलं.

सेंट किअरन्स स्ट्रीटवर 'काइटलर्स इन' नावाचं खानावळवजा पब आहे, तिथे हीच गोष्ट मसाला लावून सांगतात. दगडी तळघर बघण्यासारखं आहे. मला मात्र तिथे बसल्यावर मालकिणीपेक्षा त्या दासीचीच आठवण होते.

आणखी काय चुकवू नये?

रोथ हाउस. जॉन रोथ नावाच्या व्यापाऱ्याने १५९४ ते १६१० या काळात बांधलेलं घर. रस्त्यावरून साधं दिसतं. आत गेलं की चौक, मग दुसरं घर, पुन्हा चौक, मग तिसरं घर, आणि शेवटी बाग. कुटुंब वाढत गेलं तसं मागे मागे बांधत गेला. थोडक्यात तीन चौकी वाडाच. मराठी माणसाला या घराचं गणित गाईडच्या आधी कळतं.

सेंट मेरीज चर्चमध्ये २०१७ साली मिडीव्हल माइल म्युझियम सुरू झालं, थडग्यांवरच्या कोरीवकामासाठी ते बघा. ब्लॅक ॲबी हा १२२५ मध्ये स्थापन झालेला डॉमिनिकन मठ अजून चालू प्रार्थनास्थळ आहे, त्यामुळे तिकीट नाही. दुपारी ऊन असताना तिथल्या मोठ्या रंगीत काचेच्या खिडकीखाली दहा मिनिटं बसा. आणि हाय स्ट्रीटवरून सेंट किअरन्स स्ट्रीटला उतरणारी 'बटर स्लिप' ही बोळ. पूर्वी इथे लोणी विकायचे, कमानीखालचा गारवा हे त्याचं कारण. दोन माणसं शेजारी चालली की भरते.

बिअर कारखान्याची सहल करावी का? आम्ही पीत नाही.

इथे १७१० पासून स्मिदिक्स नावाची तांबूस एल, म्हणजे एक प्रकारची बिअर, बनायची. स्पेलिंग कसंही असो, उच्चार 'स्मिदिक्स'. २०१३ मध्ये उत्पादन डब्लिनला हललं, आता उरलंय ते प्रदर्शन. न पिणाऱ्याला त्यात फारसं काही नाही, असं माझं मत.

त्याऐवजी त्याच आवाराजवळच्या सेंट फ्रान्सिस ॲबीच्या अवशेषांपाशी जा. इथे जॉन क्लिन नावाचा संन्यासी राहायचा. १३४८-४९ च्या प्लेगमध्ये आजूबाजूची माणसं मरत असताना तो जे दिसलं ते लिहीत राहिला. शेवटी त्याने पुढची चर्मपत्रं कोरी ठेवली, कुणी माणूस मागे उरलाच तर त्याने पुढे लिहावं म्हणून. त्याच्यानंतर दुसऱ्या हस्ताक्षरात नोंद आहे, ती तो गेल्याची.

शाकाहारी माणसाची उपासमार होते का?

पूर्वी व्हायची. आता नाही, पण विचारून खायची सवय हवी. भाज्यांचं सूप बऱ्याचदा चिकनच्या पाण्यात शिजलेलं असतं. काही चिप्सच्या दुकानांत तळणीला गुरांची चरबी वापरतात. 'व्हेजिटेरियन' म्हटलं की मासे चालतील असं समजणारा एखादा अजून भेटतो, म्हणून 'मांस नाही, मासे नाहीत, स्टॉकसुद्धा नाही' असं पूर्ण वाक्य पाठ करून ठेवा. अंडं चालत नसेल तर तेही वेगळं सांगा. ॲलर्जीच्या चौदा घटकांची माहिती देणं प्रत्येक हॉटेलला कायद्याने बंधनकारक आहे, ती मागायला लाजू नका. पण त्या यादीत मांस येत नाही, हे लक्षात ठेवा.

काय खाल? किसलेल्या बटाट्याचं धिरडं, त्याला 'बॉक्सटी' म्हणतात. कुस्करलेला बटाटा, कोबी आणि लोणी म्हणजे 'कोलकॅनन'. खमंग ब्राउन ब्रेड, त्यात यीस्ट नसतं, ताक आणि सोडा असतो. एकादशीचा उपवास असेल तर उकडलेल्या बटाट्याला या देशात तोटा नाही. गोट चीज प्रत्येक मेन्यूवर शाकाहाऱ्यांच्या वाट्याला येतंच, तिसऱ्या दिवशी त्याचा कंटाळा येतो. तेव्हा इटालियन किंवा भारतीय रेस्टॉरंट गाठा, गावात दोन्ही आहेत. किल्ल्यासमोरचं रिनुचिनी हे जुनं इटालियन रेस्टॉरंट एका धर्मगुरूच्या नावाने आहे. १६४२ ते १६४९ या काळात आयरिश कॅथलिकांनी किलकेनीत स्वतःचं सरकार चालवलं, त्यांच्याकडे पोपने पाठवलेला हा दूत.

आणि मांसाहारी असलो तर?

मग मजा आहे. मटण-बटाट्याचा आयरिश स्ट्यू, गिनेस ही काळी बिअर घालून शिजवलेलं बीफ, जवळच्या थॉमसटाउनचा गोट्सब्रिज ट्राउट. सकाळच्या 'फुल आयरिश' नाश्त्यात एक काळी चकती असते, ब्लॅक पुडिंग. ते डुकराच्या रक्तापासून बनतं. आधी माहीत असलेलं बरं, कारण दिसायला ते केकसारखं गोंडस असतं. खास जेवण करायचं असेल तर मिशेलिन तारा मिळवलेलं 'कॅम्पान' आहे. तिथे आठवडेच्या आठवडे आधी टेबल राखावं लागतं.

जेवायच्या वेळा सांभाळा. बऱ्याच स्वयंपाकघरांत नऊनंतर चूल बंद. साडेनऊला 'आता जेवूया' म्हणणाऱ्या आपल्या मंडळींना मग चिप्सवर भागवावं लागतं.

पबमध्ये मुलांना, आजीला नेता येतं का?

बेलाशक. पब म्हणजे बार नव्हे, गावाची ओसरी. मुलं मोठ्यांसोबत रात्री नऊपर्यंत बसू शकतात, मे ते सप्टेंबर दहापर्यंत. सिगारेटला २००४ पासून आत बंदी आहे. न पिणाऱ्याने संत्र्याचं सरबत किंवा चहा मागितला तरी कुणी वळून बघत नाही. आयरिश चहा दूध घातलेला, कडक असतो, फक्त आलं तेवढं नाही. ऑर्डर काउंटरवर जाऊन द्यायची, टेबलाशी कुणी येईल म्हणून वाट बघत बसू नका. वादक कोपऱ्यात बसून वाजवत असतात तो कार्यक्रम नसतो, त्यांची बैठक असते. दाद द्या, फर्माईश नको.

राहायचं कुठे?

माणूस बघून सांगते.

आईवडील सोबत असतील तर बी अँड बी. घरातल्याच दोन-चार खोल्या, सकाळी गरम नाश्ता आणि यजमानीणबाईंच्या गप्पा. शाकाहारी नाश्ता हवा असेल तर आदल्या रात्री सांगा. लिफ्ट बहुधा नसते, खालच्या मजल्यावरची खोली मागून घ्या.

जोडपं असेल तर पॅट्रिक स्ट्रीटवरचं बटलर हाउस. अठराव्या शतकातली इमारत, किल्ल्याच्या घराण्यातल्या विधवांसाठीचा जुना वाडा, मागे सुंदर बाग. नदीपलीकडच्या रिव्हर कोर्ट हॉटेलमधून किल्ला समोर दिसतो, पण नदीकडची खोली मिळाली तर. लॅंग्टन्स जॉन स्ट्रीटवर, स्टेशनजवळ आणि गजबजलेलं. गाडी असेल आणि ऐसपैस हवं असेल तर गावाबाहेरचं लायरथ इस्टेट. चार-सहा जणांनी स्वयंपाकघर असलेली जागा भाड्याने घ्यावी. कुकर घेऊन येणारे पाहुणे मी पाहिले आहेत, आणि पिठलं-भात नोरच्या काठी फार चांगला लागतो.

शनिवारी-रविवारी जावं की मधल्या दिवशी?

हा प्रश्न कुणी विचारत नाही, पण विचारायला हवा. किलकेनी हे लग्नाआधीच्या पार्ट्यांचं गाव आहे. नवरीच्या मैत्रिणी आणि नवऱ्याचे मित्र शुक्रवारपासून झुंडीने उतरतात, आणि शनिवारी रात्री जॉन स्ट्रीटवर गुलाबी पट्टे घातलेल्या बायका पहाटेपर्यंत गात असतात. आम्ही एकदा नकळत अशाच शनिवारी, रस्त्याकडच्या खोलीत राहिलो होतो. सासूबाई खिडकीत बसून तीन वाजेपर्यंत बघत होत्या, त्यांची करमणूक झाली, झोप कुणालाच मिळाली नाही. सोमवार ते गुरुवार खोल्या स्वस्त, गाव शांत. शनिवार टळत नसेलच तर मागच्या बाजूची खोली मागा.

जूनच्या सुरुवातीचा विनोद महोत्सव, ऑगस्टचा कला महोत्सव आणि ऑक्टोबरच्या शेवटचा खाद्य महोत्सव या काळात खोल्या महिनोन्महिने आधी जातात.

पाऊस?

असणारच. छत्री वाऱ्यात उलटी होते, टोपीवालं जाकीट आणा. बारीक भुरभुर असली की इथले लोक 'सॉफ्ट डे' म्हणतात आणि काहीच घडलं नाही असं चालत राहतात.

आसपास काय आहे?

डनमोर गुहा, उत्तरेला दहा-अकरा किलोमीटरवर. दहाव्या शतकात व्हायकिंगांनी इथे कत्तल केल्याची जुनी नोंद आहे, आणि १९९९ मध्ये चांदीची नाणी-दागिने सापडले. पायऱ्या खूप आहेत, ज्येष्ठांना नको. दक्षिणेला थॉमसटाउनजवळचा जरपॉइंट मठ, बाराव्या शतकातला. तिथल्या ओवरीच्या खांबांवर कोरलेली छोटी छोटी माणसं बघा, एक तर पोटदुखीने हैराण झालेला वाटतो. तसंच पुढे केल्स प्रायरी, मेंढ्यांच्या कुरणात बुरुजांची रांग, तिकीट नाही, माणूस नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधली प्रसिद्ध हस्तलिखित पोथी ज्या केल्सची, ते मीथ परगण्यातलं दुसरं. दरवर्षी कुणी ना कुणी गोंधळतंच. तिन्ही ठिकाणांना गाडी असेल तर सोयीचं.

सगळीकडे काळे-पिवळे झेंडे का असतात?

हर्लिंग. लाकडी चपट्या काठीने चेंडू हवेत टोलवायचा खेळ. किलकेनीने आयर्लंडचं अजिंक्यपद सगळ्यांत जास्त वेळा, ३६ वेळा, जिंकलंय. याच गावात १३६६ मध्ये इंग्रजांनी कायदे केले की त्यांच्या माणसांनी आयरिश बोलायचं नाही, आयरिशांशी लग्न करायचं नाही आणि हर्लिंग खेळायचं नाही. किलकेनीवाले शेवटच्या वेळी जिंकले ते २०१५ मध्ये, तेव्हा पबमध्ये हा विषय जरा जपून काढा.

आपलं कुणी भेटेल का तिथे?

मराठी मंडळी डब्लिनला जास्त, आयटीत. किलकेनीत भारतीय नर्सेस आणि डॉक्टर दिसतात. मात्र भारतातून आलात म्हटल्यावर लोक लिओ वराडकरांचं नाव काढतात. दोनदा आयर्लंडचे पंतप्रधान झालेल्या वराडकरांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, आणि २०१९ च्या डिसेंबरात ते तिथे येऊनही गेले. आडनाव इथे 'वरॅडकर' होतं. बरोबर उच्चार शिकवायची संधी सोडू नका, पण त्यांच्या राजकारणावर मत विचारलं तर 'आम्ही पाहुणे' म्हणून सुटा.

तिथून काय आणावं?

किल्ल्यासमोरच्या जुन्या तबेल्यांमध्ये डिझाइन सेंटर आहे. लोकर, चांदी, मातीची भांडी, सगळं चांगलं आणि महाग. बेनेट्सब्रिजला निकोलस मॉसची कुंभारशाळा आहे, फुला-प्राण्यांचे ठसे उठवलेले मग. तिथे किंचित दोष असलेला माल स्वस्तात मिळतो, तोच घ्या, दोष शोधून सापडत नाही. हायबँक बागेचं सफरचंदाचं सिरप पोळीवर छान लागतं. ते चेक-इन बॅगेत ठेवा. आमची एक बाटली सुरक्षा तपासणीच्या टेबलावरच राहिली आहे.